चार घरं पुढे गेलेली सुई

मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकतो, माझ्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. मी टायरमधली हवा मोजणारं एक जुनं गेज आहे. मूठभर पितळ, वर काचेची तबकडी, खाली वीतभर रबरी नळी आणि तबकडीवर एक लाल सुई, एवढाच माझा संसार. या सुईने सतरा वर्षं चुकीचं सांगितलं. तिने तसं सांगावं अशी माझी इच्छा नव्हती, पण तिला आवरणं माझ्या हातात नव्हतं. मला हातच नाहीत. आता मी थकलो आहे, आणि थकल्यावर लपवाछपवीचाही कंटाळा येतो, म्हणून सगळं सांगतो.

माझा जन्म पत्र्याच्या छपराखालच्या एका लांबलचक कारखान्यात झाला. माझ्या पोटात एक चपटी, वाकवलेली पितळी नळी आहे. कागदाची पिपाणी फुंकली की ती कशी उलगडते, तशी हवा आत शिरली की ही नळी किंचित सरळ होते आणि तिला जोडलेली सुई पुढे सरकते. माझं सगळं शहाणपण इतकंच. कारखान्यात सुया बसवायला जाड भिंगांचा चष्मा लावणारी एक बाई होती. तिने मला मोठ्या गेजशेजारी लावून तपासलं, काचेवर टिचकी मारली, आणि शेजारणीला म्हणाली, "हे खरं बोलतंय गं." आयुष्यात मला मिळालेली ही पहिली शाबासकी. माझे आकडे साठपर्यंतच होते आणि तबकडीच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं की साठच्या वर हवा लावू नये. पण बारीक अक्षरं वाचतो कोण!

मला विकत घेतलं ते एका मोजणीदाराने. जमिनी मोजणं हा त्याचा धंदा. साखळी, फीत, दुर्बीण घेऊन तो उन्हातान्हात फिरायचा आणि दोन भावांच्या शेतामधली रेघ कुठे पडते ते सांगायचा. त्याने त्याच महिन्यात चारही चाकं ओढणारी एक जुनी गाडी घेतली होती. डांबरी रस्ता संपल्यावर जिथे बाकीच्यांच्या गाड्या मागे फिरतात, तिथून पुढे जायचं आणि उघड्यावर तंबू ठोकून राहायचं, हे त्याचं वेड. त्याची बायको या वेडाला हसायची, पण डबे भरून सोबत निघायची. आणि त्यांची सात वर्षांची मुलगी मोठी वही घेऊन पुढच्या बंपरवर बसायची.

गाडी सजवण्यात पहिली दोन वर्षं गेली. टपावर लोखंडी सांगाडा चढला, सांगाड्यावर तंबू चढला. दिवे आणि छोटा फ्रिज चालावा म्हणून दुसरी बॅटरी आली. पाण्याची टाकी, रुतलेली गाडी ओढायचा पट्टा, वाळूत चाकाखाली घालायच्या फळ्या, फावडं, जॅक, जॅकखाली ठेवायचा जाड लाकडी ठोकळा, हवा भरायचा पंप, वंगणाची पिचकारी. मोजणीदाराची बायको दारात उभी राहून हे सगळं चढताना बघायची.

"अहो, घरच घेऊन निघालात की. मग घरीच बसू या ना!"

"लागतं गं सगळं."

"नाकापेक्षा मोती जड झालाय. गाडी बघा कशी बुडावर बसलीय."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मागच्या स्प्रिंगच्या पाट्या खरोखरच दबल्या होत्या. मोजणीदाराने मग सगळं सामान उतरवलं, एकेक वस्तू ताणकाट्याला टांगून तिचं वजन केलं, आणि तोवर एकदाही हात न लागलेलं सगळं परत कपाटात टाकलं. मागच्या पाट्यांत एक-एक पट्टी वाढवून घेतली. जड वस्तू टपावरून खाली आल्या. मला मात्र त्याने कधीच पेटीत टाकलं नाही. माझी जागा त्याच्या शर्टाच्या खिशात होती.

डांबर संपलं की गाडी थांबायची. आता तुम्ही विचाराल, गेजचं तिथे काय काम? मित्रांनो, टणक टायर मऊ वाळूत सुरीसारखा कापत आत जातो. हवा कमी केली की टायर पसरतो, आणि पसरलेला टायर वाळूवर तरंगतो. पण फार कमी केली तर टायर लोखंडी रिंगेवरून निसटून बाहेर येतो. या दोन्हींच्या मधली जागा अगदी थोडी असते, आणि ती जागा दाखवणं हे माझं काम. मोजणीदार गुडघ्यावर बसून नळी लावायचा, फुस्स फुस्स करत हवा सोडायचा आणि मोठ्याने आकडा सांगायचा. मुलगी तो वहीत लिहायची. डांबरावर बत्तीस, दगडगोट्यांत चोवीस, वाळूत सोळा.

"लिहिलंस का, मास्तरीणबाई?"

"लिहिलं. मागचं डावं सोळा. बाबा, पुढचं सांगा."

खरं सांगतो, ते दिवस सोन्याचे होते.

मुलगी नऊ वर्षांची असताना एका कच्च्या वाटेवर मालाचा एक ट्रक उभा दिसला. ड्रायव्हर टायरला लाथा मारून हवेचा अंदाज घेत होता. मोजणीदाराला असला अंदाजपंचे कारभार कधी सोसलेलाच नाही. तो उतरला, मला खिशातून काढलं आणि म्हणाला, "थांबा, लाथ मारून काय कळणार? माझ्याकडे गेज आहे." ट्रकच्या टायरात शंभराच्या वर हवा असते. नळी लावल्याबरोबर माझी सुई साठ ओलांडून खुंटीवर आपटली आणि पोटातल्या नळीत काहीतरी कण्ण वाजलं. ट्रक ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, तुमचं गेज लहान पडलं." मोजणीदार ओशाळून हसला. हसण्यावारी गेलं, पण त्या दिवसापासून माझी नळी पुन्हा पहिल्यासारखी वाकली नाही.

चार दिवसांनी गॅरेजमध्ये मिस्त्रीने स्वतःचं मोठं गेज लावलं. त्याचं म्हणालं अठ्ठावीस, मी म्हणालो बत्तीस. दुसरं चाक, तिसरं चाक, सगळीकडे तेच. मी चार पुढे.

"साहेब, हे गेलं. नवीन घ्या," मिस्त्री म्हणाला.

मोजणीदाराला नेमका इथेच आपला धंदा आठवला. "नवीन कशाला? आमची प्रत्येक साखळी थोडी खोटी असते. ताणून ताणून बोटभर लांब होते. ती किती खोटी आहे हे ज्याला माहीत असतं, तोच मोजणीदार. चार वजा करायचे, झालं."

मिस्त्रीने खांदे उडवले. त्या वेळी मला बरंच वाटलं, कारण फेकून दिलं जाण्यापेक्षा वजा होणं परवडतं. पण एक गोष्ट त्या दिवशी राहून गेली, आणि पुढचं सगळं त्याच गोष्टीने घडलं. मोजणीदाराच्या कचेरीत प्रत्येक साखळीला एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली असायची आणि तिच्यावर त्या साखळीची चूक लिहिलेली असायची, कारण आज एकाने वापरलेली साखळी उद्या दुसऱ्याच्या हातात जाते. मला चिठ्ठी बांधायची त्याला गरज वाटली नाही. मी दुसऱ्या कुणाच्या हातात जाणारच नव्हतो.

त्यानंतर माझी सुई वीसवर थांबली की तो मोठ्याने म्हणायचा, "सोळा." अठ्ठावीसवर थांबली की म्हणायचा, "चोवीस." बंपरवर बसलेली मुलगी ऐकायची आणि लिहायची. पोटात एक, ओठांत एक म्हणतात ना, तसं झालं. पोट माझं होतं आणि ओठ त्याचे होते. वहीत जे उतरायचं ते खरं होतं, त्यामुळे कुणाचं काही बिघडलं नाही. फक्त मीच आतल्या आत झिजत गेलो. रोज चुकायचं आणि रोज कुणीतरी आपली चूक न बोलता सावरून घ्यायची, यात फार दमायला होतं. त्यापेक्षा एकदा ओरडा खाल्लेला बरा.

वर्षं गेली. मुलगी मोठी झाली आणि औषधांच्या दुकानात कामाला लागली. मोजूनमापून देणं हाच तिचाही धंदा झाला. गाडीची कामं एकेक करून तिच्या हातात आली. प्रवासाहून आल्यावर गाडीखाली पाण्याचा फवारा मारून चिखल काढायचा, सांध्यांत जुनं काळं वंगण बाहेर येईपर्यंत नवीन भरायचं, धुळीने भरलेला हवेचा फिल्टर झटकायचा, खाचखळग्यांनी सैल झालेला टपावरच्या सांगाड्याचा एकेक नट आवळायचा, ओढायचा पट्टा धुऊन सावलीत वाळवायचा. नखांत तेल घेऊन ती दुकानात जायची आणि मालकाची बोलणी खायची. मोजणीदार खुर्चीवर बसून बघायचा आणि उगाच चुका काढायचा. त्याचे गुडघे कुरकुरत होते. एकेक काम हातातून जात होतं, पण हवा मात्र तो स्वतः मोजायचा. कण्हत, बंपरचा आधार घेत खाली बसायचा. मुलीने हात पुढे केला तर म्हणायचा, "गेज माझ्याकडे असू दे." मला कळत होतं, त्याच्याकडे तेवढंच उरलं होतं.

अखेर एक गुडघा उघडून त्यात नवीन सांधा बसवावा लागला. गाडी सहा महिने ताडपत्रीखाली राहिली. मीही खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात सहा महिने लटकलो. घरात बोलणी सुरू झाली.

"आता विकून टाकू या. दारात उभी राहून गंजणार," बायको म्हणाली.

"मी चालवीन ना," मुलगी म्हणाली.

"एकटी? रुतली तर कोण काढणार?"

मग मोजणीदाराने निवाडा दिला, जमिनीच्या भांडणात द्यायचा तसाच. "वाळूच्या टेकड्यांपर्यंत एक फेरी तू कर. मी येणार नाही. आईला सोबत ने. गाडी धडपणे परत आणलीस तर गाडी तुझी. नाही जमलं तर विकू. मग रडायचं नाही."

मुलीचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता. सात वर्षांची असल्यापासून जे हवं होतं ते तिच्यापासून एका फेरीच्या अंतरावर आलं होतं.

तिने पंधरा दिवस तयारी केली. यादी करून एकेक गोष्ट तपासली. दोन्ही बॅटऱ्यांची टोकं घासली, पट्टे बघितले, चारही चाकं ओढायची दांडी पुढेमागे करून पाहिली, जॅकला तेल दिलं. निघायच्या सकाळी मोजणीदार काठी टेकत गाडीपाशी आला. खिशातून मला काढून रुमालाने माझी काच पुसली आणि मुलीच्या हातावर ठेवलं.

"सांभाळ. एकोणीस वर्षं खिशात होतं."

मी वाट बघत राहिलो. आता सांगेल. एका वाक्याचं तर काम होतं. त्याने तोंड उघडलंही.

"नळी वाकवून ठेवू नकोस. रबर चिरतं," तो म्हणाला आणि बाजूला झाला.

मित्रांनो, तो विसरला असं म्हणणं सोपं आहे, पण तसं नव्हतं. विसरायला आधी आठवणीत असावं लागतं. सतरा वर्षांत ते चार त्याच्या नजरेत इतके मुरले होते की माझी सुई वीसवर असली तरी त्याला सोळाच दिसायचे. त्याच्या लेखी माझ्यात काही चूकच उरली नव्हती. आणि मी ओरडून ओरडून सांगत होतो, पण गेजचं ओरडणं म्हणजे नुसतं सुईचं थरथरणं, ते कुणाला दिसणार?

मुलीने घरीच माझ्या आकड्याने बत्तीस हवा भरली, म्हणजे खरी अठ्ठावीस. डांबरावर गाडी थोडी सुस्त पळाली. "आज ओढत का नाहीये गं?" आईने विचारलं. "सामान आहे ना," मुलगी म्हणाली. दुपारी डांबर संपलं. मुलगी खाली उतरली, वही बंपरवर उघडून ठेवली, आणि बापासारखीच गुडघ्यावर बसली. वाळूत सोळा. तिने फुस्स फुस्स करत माझ्या सुईला बरोबर सोळावर आणलं. एकदा नाही, प्रत्येक चाकाला दोनदा. दुकानात औषध मोजावं तितक्या काळजीने. चारही टायरांत बारा हवा उरली होती.

पहिला तास काहीच झालं नाही. उलट गाडी वाळूवर इतकी अलगद चालली की आई म्हणाली, "तुझ्या बाबांपेक्षा बरी चालवतेस." मुलगी लाजून हसली. आणि तिसऱ्या टेकडीच्या तिरप्या उतारावर तिने गाडी वळवली तेव्हा पुढचा डावा टायर रिंगेवरून निसटला. फट् असा आवाज झाला, गाडी डावीकडे झुकली, टपावरचा तंबू करकरला आणि उलटणार असं वाटता वाटता रिंग वाळूत घुसून गाडी थांबली.

दोघींना खरचटलंसुद्धा नाही. मुलीने आधी आईला आपल्या बाजूच्या दाराने बाहेर काढलं.

मग तिने जे केलं ते बघून मला तिचा अभिमान वाटला. टपावरचं वजन आधी उतरवलं. चाकांच्या खालच्या बाजूला फळ्या रोवल्या. फावड्याने जागा केली, लाकडी ठोकळ्यावर जॅक ठेवून गाडी उचलली आणि मागच्या दारावरची स्टेपनी काढली. ती मिस्त्रीने त्याच्या पंपाने बत्तीस भरलेली होती. मुलीने मला लावलं, मी छत्तीस दाखवले. "मिस्त्रीने चार जास्तच भरलीय," ती पुटपुटली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरी हवा पोटात असताना मी तिला खोटं दाखवत होतो.

चाक बसल्यावर ती बाकीच्या तीन चाकांशी गेली आणि पुन्हा मोजलं. सोळा, सोळा, सोळा. वही उघडली. पानामागून पान उलटत गेली. लहानपणच्या गोल अक्षरातलं सोळा, शाळेतल्या तिरक्या अक्षरातलं सोळा, आताचं सोळा.

"सगळं बरोबर आहे आई. हवा बरोबर होती."

"मग झालं कसं?"

"माझंच चुकलं असणार. मला वळवता आली नाही. बाबा इथून दहा वेळा गेलेत सोळावर. त्यांच्या हातात गाडी चालते, माझ्या हातात नाही चालत." तिने वही मिटली. "विकू देत."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट घटका ती. साऱ्या गावाने खोटारडा म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण त्या मुलीने माझं खरं मानलं आणि स्वतःला खोटं ठरवलं. तिने भीतीने सगळ्या चाकांत जास्त हवा भरली, सामान चढवलं आणि तंबू न लावताच गाडी माघारी वळवली. अंधार पडल्यावर दोघींनी डांबराच्या कडेला गाडीतच रात्र काढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी दारात लागली. मोजणीदार काठी न घेताच बाहेर आला. मागच्या दारावर टांगलेली, वाकडी झालेली रिंग त्याने लांबूनच पाहिली.

"टायर उतरला?"

"हो."

"हवा किती ठेवली होतीस?"

"सोळा."

"सोळाला उतरणार नाही. मोजलीस का नीट?"

"दोनदा मोजली, बाबा. हे बघा." तिने मला खिशातून काढून मागच्या चाकाला लावलं. "हे बत्तीस. बघा तुम्हीच."

त्याने वाकून पाहिलं. "अठ्ठावीस," तो म्हणाला.

मुलीने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "बाबा, सुई बत्तीसवर आहे."

"हो, म्हणजे अठ्ठावी..."

तो थांबला. त्याने बंपर धरला, आणि डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा बजावूनही नव्या गुडघ्यावर जोर देत खाली जमिनीवर बसला.

"तू गेजवर सोळा बघितलेस," तो म्हणाला. "म्हणजे बारा. बारा हवेवर तू आईला घेऊन त्या उतारावर..."

"गेज चुकीचं आहे?"

"चार जास्त दाखवतं. तू नऊ वर्षांची होतीस तेव्हापासून."

"सतरा वर्षं?" मुलगी ओरडली. मी तिला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "सतरा वर्षं माहीत होतं तुम्हाला? मी रात्रभर डोळा लावला नाही. मला वाटलं मी आईला मारलंच असतं. एकदा सांगता आलं नाही?"

मोजणीदार मान खाली घालून म्हणाला, "मला वाटलं तुला माहीत आहे. मला माहीत होतं ना, म्हणून." मग जरा वेळाने, "वहीतले सगळे आकडे माझ्या तोंडचे आहेत. गेजचा एकही नाही. तुझं काही चुकलं नाही, पोरी. गाडी तुझी आहे. काल सकाळीच तुझी झाली होती, मीच मोडता घातला."

मुलीने डोळे पुसले. ती त्याच्याशेजारी जमिनीवर बसली, वहीचं कोरं पान उघडलं आणि पेनाचं टोपण काढलं.

"आणखी काय काय आहे, जे फक्त तुम्हालाच माहीत आहे?"

तो हसायला गेला, पण तिने पेन टेकवलं होतं. मग तो सांगत गेला. डिझेलचा काटा पाव दाखवतो तेव्हा टाकी रिकामी असते. उजवं मागचं दार उचलून लावावं लागतं. दुसऱ्या बॅटरीची कळ थंडीत दोनदा दाबायची. पुढची चाकं जोडायची दांडी अडली तर आधी हातभर मागे यायचं. पावसात भिजल्यावर पहिले दोन ब्रेक धरत नाहीत. टपाचा सांगाडा डावीकडून दुरुस्त केलेला आहे, तिथे पाय द्यायचा नाही. एक पान झालं, दुसरं झालं. आई चहा घेऊन आली आणि पायरीवरच बसून ऐकू लागली. "हे असलं सगळं डोक्यात ठेवून हा माणूस आम्हाला रानावनात नेत होता," ती म्हणाली, पण तिच्या आवाजात राग नव्हता.

"आणखी?" मुलीने विचारलं.

"झालं. एवढंच."

"बाबा."

त्याने मला तिच्या हातातून घेतलं, माझी काच अंगठ्याने घासली. "डॉक्टर म्हणाले, दुसरा गुडघाही गेलाय. क्लच दाबायचा तोच. म्हणाले, आता गाडी चालवणं विसरा. दोन महिने झाले. तुझ्या आईला सांगितलं नाही."

पेन थांबलं. आईने कप खाली ठेवला. ती उठून आली, त्याच्याजवळ उकिडवी बसली आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"लिही तेही," ती मुलीला म्हणाली.

मुलीने लिहिलं.

पुढच्या आठवड्यात मिस्त्रीने माझी काच उघडली, सुई उपटली आणि चार घरं मागे बसवली. पाच मिनिटांचं काम होतं. पण एकदा ताणलेल्या नळीचा काही भरवसा नाही, ती पुन्हा सरकेल, म्हणून मुलीने नवीन गेज घेतलं, आणि हे तिने बरोबरच केलं. ती दर महिन्याला गाडी काढते. मोजणीदार शेजारच्या सीटवर बसतो आणि उगाच चुका काढतो. मी हल्ली घरीच असतो. कधीकधी तो मला घेऊन ओसरीवरच्या सायकलला लावून बघतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू फेकू नका, असं मी सांगणार नाही. ज्या खरोखर बिघडल्या असतील त्या खुशाल बदला. माझं मागणं वेगळं आहे. जी वस्तू तुम्ही दुसऱ्याच्या हातात देता, तिची खोडही सोबत द्या. ती मनात ठेवू नका, बोलून दाखवा, लिहून ठेवा. आणि तुमच्या घरात सगळं एकट्याने सावरून घेणारं, कधीच काही न सांगणारं एखादं माणूस असेल, तर वही घेऊन त्याच्याजवळ बसा. झालं, एवढंच, असं ते म्हणेल. तेव्हा उठू नका. आणखी एकदा विचारा.